बेडकाचा पाय आणि दोन पंडित

पायांत कांटा रुततांच आपण पाय क्षणार्धांत मागें घेतों. कांट्याची वार्ता अंगांतून नेणारी शक्ति कोणती? या प्रश्नावरून इटलींत दोनशें वर्षांपूर्वीं दोन पंडितांत मोठा वाद झाला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

बोलोन्या येथें लुईजी गाल्वानी हे शारीरशास्त्राचे अध्यापक होते. मेलेल्या बेडकाच्या कण्यांत पितळी आंकडा अडकवून तो लोखंडाला टेकविला, कीं बेडकाचे पाय झटका देतात, असें त्यांना आढळलें. प्राण्याच्या शरीरांतच वीज वसते, हा सिद्धांत त्यांनीं १७९१ सालीं प्रसिद्ध केला. पाव्हियाचे आलेस्सांद्रो व्होल्टा यांना तो प्रथम पटला. परंतु पुढें ते म्हणूं लागले कीं, वीज बेडकांत नसून दोन भिन्न धातूंच्या संयोगांत आहे, बेडकाचा पाय ती केवळ दाखवितो. यावर गाल्वानींनीं धातु मुळींच न वापरतां, नुसता मज्जातंतु स्नायूला लावून पाय हालवून दाखविला. तरीहि वाद मिटला नाहीं.

नव्या राजवटीशीं निष्ठेची शपथ घेण्याचें नाकारल्यामुळें गाल्वानींचें पद गेलें, व १७९८ सालीं ते वारले. १८०० सालीं व्होल्टांनीं आपली विद्युत्‌घटमाला जगापुढें मांडली. गाल्वानींचा पक्ष हरला, असेंच तेव्हां बहुतेकांस वाटलें.

परंतु सत्य तेथेंच थांबलें नव्हतें. १८५० सालीं हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञानें बेडकाच्या तंतूंतील संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारें २७ मीटर भरला. तारेंतील विजेच्या मानानें हा वेग फारच मंद. म्हणजे मज्जातंतु ही साधी तार नव्हे.

मग तो आहे तरी काय? माकूळ नांवाच्या समुद्रजीवाचा एक तंतु चांगला अर्धा मिलिमीटर जाड असतो. १९३९ सालीं इंग्लंडांत प्लिमथ येथें हॉजकिन व हक्सले यांनीं त्यांत सूक्ष्म नळी घालून आंतील वीज मोजली. महायुद्धामुळें खंडलेलें हें काम १९५२ सालीं तडीस गेलें. एरवीं तंतूची आंतली बाजू बाहेरच्या मानानें ऋण असते. संदेश येतांच आवरणाचीं दारें उघडून सोडियमचे धनभारित कण आंत शिरतात व ती बाजू क्षणभर धन होते. मागोमाग पोटॅशियमचे कण बाहेर पडून पूर्वस्थिति येते. तोंवर शेजारच्या भागांत तीच खळबळ सुरू झालेली असते. पेटल्या वातीवरून ठिणगी सरकावी, तसा संदेश पुढें जातो. मात्र ही वात जळून जात नाहीं, क्षणांत पुन्हां सज्ज होते.

तेव्हां निकाल काय? आंकड्याच्या प्रयोगांतली वीज धातूंची होती, हें व्होल्टांचें म्हणणें खरें. धातूवांचूनच्या प्रयोगांतली वीज बेडकाचीच होती, हें गाल्वानींचें म्हणणेंहि खरें. आज तंतूंतील ती वीज, गाल्वानींची वीज, आपण व्होल्टाच्या सहस्रांशांत मोजतों. जे हयातींत एकमत झाले नाहींत, ते असे एका मापांत भेटले. म्हणून वादांत हरलेल्याचें म्हणणेंहि टाकून देऊं नये. तें एकदां पुन्हां तपासून पाहावें.