हरिणीचा बंद काळ

हरिणाची मादी केव्हा मारावी आणि केव्हा मारू नये, हा प्रश्न वरवर पाहता संस्थानी शिकारखान्यातला वाटतो. तथापि त्याचा इतिहास आपल्या शेतापर्यंत येऊन पोचतो.

मादी पडली की पोटातले किंवा अंगावर पिणारे पाडसही गेले. थंड मुलुखातली बहुतेक हरिणे शरदात माजावर येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वितात. म्हणून इंग्लंडच्या १९६३ च्या कायद्याने मादीच्या शिकारीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच मुदत दिली. तोवर पाडस बरेचसे सावरलेले असते. आपल्या चितळाचे तसे नाही. त्याची मादी वर्षाच्या कोणत्याही महिन्यात विते. निर्धास्तपणे बंदूक उचलावी असा महिना येथे सापडतच नाही.

१९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने सरकारला बंद काळ जाहीर करण्याचा अधिकार दिला. तो वर्षभराचा असू शके आणि केवळ माद्या व पिले यांच्यापुरताही असू शके. पहिल्या गुन्ह्याला दंड ५० रुपयांपर्यंत. मालमत्तेच्या रक्षणासाठी सद्भावनेने जनावर मारल्यास मात्र गुन्हा नव्हता. म्हणजे पीक राखणाऱ्या कुणब्याला कागदावर मुभा होती. पण १८७८ च्या हत्यार कायद्यामुळे परवान्यावाचून त्याला बंदूक बाळगता येत नव्हती. शिवाय हा कायदा ब्रिटिश मुलुखाचा. सातारा जिल्हा त्यात होता. सांगली, औंध, जत ही संस्थाने होती.

कामगार चळवळीतल्या माणसाला येथे दुसरी एक तारीख आठवते. गाभण हरिणीला राखण्याचा अधिकार सरकारने १९१२ मध्ये घेतला. मुंबई इलाख्यातल्या गिरणीतील बाळंतिणीसाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला १९२९ मध्ये. मध्ये १७ वर्षे गेली.

पुढे १९५१ मध्ये मुंबई राज्याचा कायदा आला, आणि १९७२ मध्ये केंद्राचा. या दुसऱ्या कायद्याच्या १५ व्या कलमाने खास परवान्यावाचून मादी, पिले व कोवळ्या शिंगांचे हरिण मारण्यास मनाई केली. १९९१ च्या दुरुस्तीने तर परवान्याची शिकारच बंद झाली. हंगामाचा वाद तेथे मिटला.

पिकाचा वाद मात्र मिटला नाही. धों. म. मोहिते यांच्या खटपटीतून उभे राहिलेले सागरेश्वर १९८५ मध्ये अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. तेथे चितळ आहे, सांबर आहे, वाघ नाही. कळप वाढतो तो माद्यांच्या जिवावर, आणि रात्री आसपासच्या शिवारात उतरतो. परदेशात अशा वेळी ठरावीक माद्या मारून संख्या आवरतात. आपण तो मार्ग सोडला, आणि माझ्या मते योग्यच केले. परंतु त्या दयेची किंमत साऱ्या समाजाने मोजली पाहिजे. धड कुंपण आणि वेळेवर भरपाई यांचा खर्च सरकारी तिजोरीने उचलावा. अभयारण्याच्या कडेला राबणाऱ्या मूठभर घरांच्या ज्वारी-उसावर तो टाकू नये.