नरसीची गाडी आणि आमची पायपीट

नरसीबद्दल इतिहासकारांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. संत नामदेवांचं हे जन्मगाव मानतात. साल १२७०. कयाधूच्या काठचं हे गाव, इथला शिंप्याचा पोर पंढरीला गेला, पुढं पंजाबपर्यंत पोचला, आणि शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्याची ६१ पदं आहेत. हे सगळं लिहिलेलं आहे. पण नरसीचा माणूस हिंगोलीला कसा जातो, कशात बसून जातो, आणि ज्या दिवशी गाडी येत नाही त्या दिवशी कुणाच्या दारात जाऊन उभा राहतो, हा इतिहास कुणी लिहिलेला नाही. ज्यांच्या अंगणात जीप उभी आहे त्यांना हा विषय फालतू वाटेल. आम्हाला वाटत नाही. गाडीचा इतिहास हा आमच्या गावकुसाबाहेर पडण्याचा इतिहास आहे.

मोटार यायच्या आधी आम्ही चालत होतो. आमचं चालणं वारकऱ्याचं नव्हतं, तराळाचं होतं. गावात कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावी सांगावा न्यायचा महारानं. सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं महारानं. ओझी वाहायची, खलिता पोचवायचा, आणि परत येऊन भाकर मागायची. माझ्या आज्यानं हे केलंय. त्याच्या टाचांच्या भेगांत करंगळी जात होती. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली चेंगरून मेले आणि त्यांची हाडं नामदेवांनी पंढरपूरला नेली, असं परंपरा सांगते. समाधी महाद्वाराच्या पायरीपाशी झाली, दाराच्या बाहेर. ते दार आमच्यासाठी उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

पैसे देऊन गाडीत बसायचं म्हटलं तरी जात आडवी यायची. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. १९०१ साली ते पोरवयात बापाला भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर एकही बैलगाडीवाला त्यांना घेईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं, तेव्हा पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवाल्यानं बाजूनं चालायचं असं ठरलं. १९२९ साली ते बॅरिस्टर होते, तरी चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. आपल्यातल्याच एका माणसानं लगाम धरला. त्याला सवय नव्हती. टांगा उलटला आणि बाबासाहेबांना मोठी दुखापत झाली. म्हणजे शिक्षण बदललं, कपडे बदलले, पदवी आली, पण गाडी ज्याच्या मालकीची होती त्याची जात बदलली नव्हती. हा मालकीचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

आपला मुलूख तेव्हा निजामाचा. १५ जून १९३२ रोजी निजाम स्टेट रेल्वेनं आपलं रोड ट्रान्सपोर्ट खातं सुरू केलं. गाड्या २७ आणि नोकरमाणसं १६६. विलायती अल्बियन बनावटीच्या गाड्या होत्या. हिंदुस्थानात सरकारी मालकीची बससेवा इथून सुरू झाली असं मानतात. इंग्रजी मुलखात, तिकडं मद्रासच्या बाजूला, खाजगी बसमालक अस्पृश्यांना गाडीत घेत नव्हते. रामनाथपुरम जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष डब्ल्यू. पी. ए. सौंदरपांडियन यांनी अशा मालकांना परवान्याचा धाक घातला, तेव्हा दरवाजे उघडले. मालक एकटा असला की त्याची जात गाडीत बसते. मालक सरकार असलं की निदान तिकिटाच्या कागदावर जात लिहिता येत नाही.

याचा अर्थ निजामी राज्यात आपल्याला सुख होतं असा नाही. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी दौलताबादचा किल्ला बघायला गेले. प्रवासाच्या धुळीनं माखले होते, म्हणून टाकीच्या पाण्यानं हातपाय धुतले. टाकी बाटवली म्हणून तिथले मुसलमान अंगावर धावून आले. मोटारीनं तुम्ही किल्ल्यापर्यंत पोचू शकत होता, पाण्यापर्यंत नाही.

हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५१ ला रेल्वेकडची बससेवा हैदराबाद सरकारच्या खात्याकडं गेली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला. १ जुलै १९६१ ला मुंबईकडचं महामंडळ, विदर्भातली सेवा आणि मराठवाड्याची सेवा एक झाली, आणि महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आजच्या रूपात उभं राहिलं. पश्चिम महाराष्ट्राची एस.टी. त्याआधीच, १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर धावली होती. तिच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफोर्ड, मॉरिस, लेलँड अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. दहा तऱ्हेच्या गाड्या म्हणजे दहा तऱ्हेचे सुटे भाग, हे मेकॅनिकाला विचारा. पुढं बनावटी कमी झाल्या, चेसिस विकत घेऊन बॉडी स्वतःच्या कारखान्यात बांधायची पद्धत बसली. दापोडी, हिंगणा आणि आपल्याकडं औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा. लाकडाची बॉडी गेली, लोखंडाची आली, मग अॅल्युमिनियमचा पत्रा आला.

या गाडीनं आपल्यासाठी काय केलं? १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांतून पोरं ट्रंक डोक्यावर घेऊन निघाली. काही रेल्वेनं गेली, पण रेल्वेच्या टेशनापर्यंत तरी मोटारच होती. दलित साहित्याची जी पहिली फळी मराठवाड्यातून उभी राहिली तिच्या अंगावर या गाड्यांची धूळ आहे. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा कायदा सार्वजनिक वाहनात शिवाशीव करणाराला शिक्षा सांगतो. तो कायदा आमच्या आयाबायांनी वाचला नव्हता. त्यांनी गाडीत बसून बघितलं. आमची आजी म्हणायची, "मोटारीत कसली आलीय शिवाशीव? खड्डा आला की पाटलीण माझ्या अंगावर अन् मी पाटलिणीच्या." राखीव जागांमुळं आपल्या पोरांच्या खांद्याला तिकिटाची पेटी आली, काहींच्या हातात स्टेअरिंग आलं. ज्याच्या बापानं घोड्यापुढं पळून सांगावा नेला, त्याच्या पोरानं घंटी वाजवल्याशिवाय गाडी हलेना. ही लहान गोष्ट नाही.

पण गावकूस गाडीच्या पाठीमागं लागलेलंच होतं. कोणत्याही खेड्यात जाऊन बघा, थांबा कुठं आहे? चावडीपाशी, देवळापाशी, पाटलाच्या हॉटेलापुढं. वस्तीच्या तोंडाशी क्वचित. मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर कुठं झोपतात, त्यांना पाणी कोण देतं, हेही जातीनंच ठरत आलं.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. वस्त्या जाळल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना मारलं. रस्ते अडवले, एस.टी. गाड्यांवर दगड पडले, काही जाळल्या. एस.टी. जाळणारांना सरकारवर राग काढायचा होता असं तेव्हा म्हणत. असेलही. पण गाडी बंद पडली की पाटलाचा ट्रॅक्टर चालू असतो. बंद पडतो तो वस्तीतल्या माणसाचा पळून जायचा रस्ता. त्या पंधरवड्यात आम्ही पुन्हा पायी झालो. पुढं १९७९ ला जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च नागपूरहून निघाला, तो मात्र आपण होऊन चाललेली वाट होती. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडली.

दोस्तहो, अमेरिकेत माँटगोमेरी गावी १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स बाई बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत. तिथल्या काळ्या माणसांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला आणि जिंकले. आपल्या पँथरनं त्या लोकांचं नातं सांगितलं ते बरोबरच होतं. पण आपला पेच वेगळा आहे. तिथं माणसांनी बसवर बहिष्कार घातला. इथं बसच गावावर बहिष्कार घालते, आणि त्याला कुणी बहिष्कार म्हणत नाही. त्याला म्हणतात 'फेरी रद्द'.

फेरी रद्द कशी होते ते समजून घ्या. आगारात गाड्या मोजक्या. एक बिघडली की कोणती तरी फेरी मारावी लागते. हिशेब किलोमीटरमागं मिळणाऱ्या पैशाचा आणि भारमानाचा. पुण्याची गाडी भरून जाते, ती मारत नाहीत. खेड्याची मारतात. नवी गाडी आली की ती लांब पल्ल्याला लागते, आणि तिथून उतरलेली, पत्रा उचकटलेली गाडी खेड्याला मिळते. जुनी म्हणून ती जास्त बिघडते, म्हणून फेरी पुन्हा रद्द. गाडीचा भरवसा राहिला नाही की माणसं काळी-पिवळीत बसतात. मग भारमान कमी झालं म्हणून कागदावर फेरी कायमची बंद होते. १९८२ च्या एशियाडनंतर आलेल्या नीम-आराम गाड्या, २०१७ ची शिवशाही, २०१८ ची विठाई, ही सगळी नावं शहराच्या वाटेनं गेली. विठाईवर विठ्ठलाचं चित्र आहे. नामदेवाच्या गावाला तो विठ्ठल परतवारीच्या एकादशीला दिसतो, तेव्हा जादा गाड्या सुटतात. देवाच्या दिवशी गाडी मिळते. रोजगाराच्या दिवशीचं काय?

१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या. एस.टी.चा विभाग मात्र परभणीचाच राहिला. हिंगोली, कळमनुरी, वसमत ही आगारं परभणीच्या हाताखाली आहेत. नरसीची फेरी मागायची तर अर्ज दुसऱ्या जिल्ह्यात जातो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीनं गाड्या थांबल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण शाळा उघडायला लागल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला. विलीनीकरणाची मागणी होती. कामगारांची पोटं रिकामी होती, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते आपलेच आहेत. पण साडेपाच महिने, एप्रिल २०२२ पर्यंत, खेड्यातल्या पोरी घरी बसल्या. ज्या घरात पोरीचं लग्न उरकायची घाई होती तिथं हे निमित्त पुरलं.

कोरोनाआधी महामंडळाकडं १८ हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर त्या १५ हजारांच्या घरात आल्या. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्या मोडीत काढायचा केंद्राचा नियम लागू झाला. त्याच साली ५,१५० विजेच्या गाड्यांचा भाडेकरार झाला, त्या थेंबाथेंबानं आल्या. स्वतःच्या मालकीच्या नव्या २,६४० लेलँड गाड्या २०२५ मध्ये रस्त्यावर येऊ लागल्या. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, ही फार चांगली गोष्ट झाली. मजुरीला जाणाऱ्या बाईच्या पदरात त्यानं पैसे राहिले. २५ जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्के वाढलं, त्यातले काही परत गेले. आणि न आलेल्या गाडीचं अर्धं तिकीट म्हणजे किती?

आता भाड्याच्या गाड्यांचं वारं आहे. गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, पाटी फक्त एस.टी.ची. कंपनीच्या ड्रायव्हरला राखीव जागा आहे का, हे विचारा. मालकी सरकारची होती म्हणून मसूरचा गाडीवाला बाजूला झाला. मालकी गेली की तो दुसऱ्या कपड्यात परत येईल.

म्हणून मागणी साधी आहे. नव्या गाड्यांतला ठरलेला वाटा खेड्याच्या फेऱ्यांना मिळाला पाहिजे. शाळेची आणि मजुरीची फेरी भारमानाच्या हिशेबातून काढली पाहिजे. रद्द झालेली प्रत्येक फेरी गावाच्या थांब्यावर कारणासकट लिहिली पाहिजे. आणि वस्तीच्या तोंडाशी थांबा पाहिजे. ग्रामसभेत हे आपणच उठून बोलायचं. जीपवाले बोलणार नाहीत.

जयभीम.