काजळी आणि डिंक

जुन्या पोथ्यांचा संग्रह ज्यांनीं चाळला आहे त्यांस एक गोष्ट ठाऊक असेल. कागद पिवळा पडतो, कडा झडतात, कसर लागते; परंतु अक्षर काळें तें काळेंच राहतें. ह्याचें श्रेय दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यांत घोटून केलेल्या मषीला आहे. काजळी म्हणजे कार्बन. उन्हानें तिचा रंग विटत नाहीं. मात्र पान भिजलें कीं डिंक विरघळतो आणि अक्षर फुटतें. म्हणजे उणेपणा काजळीचा नसून तिला धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा असतो. लवचिक पट्टीवर कार्बनच्या शाईनें छापलेले संवेदक टिकाऊ कसे करावे, ह्या आजच्या प्रश्नाचें मूळहि येथेंच आहे, असें आम्हांस वाटतें.

संवेदक म्हणजे दाब, ताण, उष्णता किंवा रक्तांतील साखर ह्यांचा फरक विजेच्या फरकांत उतरवून दाखविणारें साधन. काजळीचे कण वीज वाहून नेतात. पण एका कणावरून दुसऱ्यावर वीज जावयाची तर दोहोंचा स्पर्श व्हावा लागतो. तो घट्ट झाला कीं विजेला होणारा रोध घटतो, सैल झाला कीं वाढतो. १८७७ सालीं एडिसननें काजळी दाबून तिची वडी केली व ती टेलिफोनांत बसविली. बोलणाराच्या आवाजाचा दाब वडीवर पडून विजेचा प्रवाह कमीअधिक होऊं लागला. पुढल्याच वर्षीं त्यानें तशीच वडी उष्णता मोजण्याच्या यंत्रांत घातली. कठीण रबराची कांडी उष्णतेनें वाढून वडीवर दाब देई. २९ जुलै १८७८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं, अमेरिकेंत वायोमिंगमधील रॉलिन्स येथें, सूर्याच्या प्रभामंडळाची उष्णता त्यानें ह्या यंत्रानें मोजूं पाहिली. कांटा मोजपट्टीच्या पार पलीकडे गेला! उष्णता आहे एवढें कळलें. किती, हें कळलें नाहीं. काजळीला कळतें फार, पण तिचें सांगणें नेमकें नसतें, हें त्या दिवशीं उघड झालें.

पुढें १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील चार्ल्स कर्न्स ह्यानें विमानाच्या पंख्याच्या पात्यांवर कार्बनचे रोधक चिकटवून त्यांवरील ताण मोजला. परंतु कार्बनच्या रोधकाचा रोध उष्णतेनें व दमटपणानेंहि बदलतो. १९३८ सालीं सिमन्स व रूज ह्या दोघांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, बारीक तारेचे ताणमापक सिद्ध केले, आणि ह्या कामांत कार्बन मागें पडला.

तो परत आला तो छपाईच्या जाळीतून. ऑक्सफर्ड व क्रॅनफील्ड येथील संशोधकांनीं १९८४ सालीं रक्तांतील साखर विजेनें मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. १८८७ नव्हे, १९८७ सालीं, म्हणजे एडिसनच्या वडीनंतर एकशें दहा वर्षांनीं, त्या रीतीचें खिशांत मावणारें यंत्र बाजारांत आलें. कार्बनच्या शाईनें छापलेल्या पट्ट्या आज घरोघर मधुमेही माणसें वापरतात. पण ती पट्टी एकदां वापरून फेकून द्यावयाची असते. टिकाऊपणाचा प्रश्न येथें सुटला नाहीं. तो टाळला गेला.

तो सुटणें कठीण कां, ह्याचें उत्तर गणितांत सांपडतें. सच्छिद्र पदार्थांतून द्रव कसा पाझरतो ह्याचा सिद्धान्त ब्रॉडबेंट व हॅमर्सली ह्यांनीं १९५७ सालीं मांडला. तोच शाईला लागू पडतो. कणांचें प्रमाण एका मर्यादेखालीं गेलें कीं त्यांची सांखळी तुटते व वीज थांबते. फार वाढविलें तर त्यांना धरणारें द्रव्य अपुरें पडतें आणि वाळलेला थर वांकवितांच तडकतो. ईजिमा ह्यांनीं १९९१ सालीं जगापुढें आणलेल्या कार्बनच्या सूक्ष्म नळ्या, आणि गाइम व नोव्होसेलोव्ह ह्यांनीं २००४ सालीं चिकटपट्टीनें ग्रॅफाइटपासून सोलून काढलेलें ग्राफीन, ह्यांचें महत्त्व ह्या ठिकाणीं आहे. लांब नळ्या व पातळ पापुद्रे थोडक्या प्रमाणांतहि एकमेकांस पोहोंचतात. म्हणून शाईंत रबरासारखें द्रव्य अधिक घालतां येतें आणि थर पट्टीबरोबर वांकतो.

तरीहि पट्टी हजारों वेळां वांकली कीं सूक्ष्म भेगा पडतात, द्रव्य सैलावतें, घाम आंत शिरतो. रुग्णाच्या अंगावर दिवसचे दिवस राहणाऱ्या पट्टीचा आंकडा बदलला, तर बदल देहांत झाला कीं पट्टींत, हें वैद्यानें कसें ओळखावें? जी थकल्यावर खोटें बोलते, ती पट्टी नसलेलीच बरी. नव्या कार्बनचें कौतुक आम्हांसहि आहे. पण ह्या विद्येचें यश त्याला धरून ठेवणाऱ्या द्रव्यावर ठरेल, असें आमचें मत आहे. पोथी लिहिणारास काजळी कोणत्याहि दिव्यावर मिळे. डिंक मात्र पारखून घ्यावा लागे.