चेतासंधीवरील विकराचे कार्य कसे पाहतात?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी घेतला. तेथे वापरल्या गेलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशके होती. तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी याच वर्गातील क्विनॉलफॉस फवारले जाते. त्यामुळे तूर पिकवणाऱ्या अक्कलकोट तालुक्यालाही हा विषय परका नाही.

ही विषे नेमका कोठे आघात करतात? दोन चेतापेशींमध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. या जागेला चेतासंधी किंवा सिनॅप्स म्हणतात. काही चेतापेशी या फटीत ॲसिटिलकोलिन सोडून संदेश पुढे धाडतात. संदेश पोचताच ते रसायन तोडण्याचे काम ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, करते. त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. कीटकनाशक या विकराला चिकटले की संदेश थांबतच नाही. लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, स्नायू फडफडतात आणि अखेर श्वास बंद पडतो.

येथे विकर नाहीसे झालेले नसते. जागेवर असूनही ते निष्क्रिय असते. म्हणून केवळ त्याचे अस्तित्व दाखविणारे प्रतिपिंडांचे रंजन अपुरे ठरते. त्याचे कार्य पाहण्याची युक्ती कोएल आणि फ्रीडनवाल्ड यांनी १९४९ मध्ये मांडली. ऊतीच्या पातळ कापाला ॲसिटिलथायोकोलिन हे कृत्रिम रसायन द्यायचे. विकर ते तोडते आणि सुटलेला गंधकयुक्त भाग तांब्याशी संयोग पावून तेथेच साचतो. १९६४ मध्ये कार्नोव्स्की आणि रूट्स यांनी केलेल्या सुधारणेमुळे तपकिरी साका थेट दिसू लागला. जेथे रंग गडद तेथे विकर कार्यरत. विषबाधित ऊतीत तो फिका पडतो. मात्र बुटिरिलकोलिनएस्टरेज हे दुसरे विकरही तेच रसायन तोडते. त्याला आधी रोखले नाही, तर चित्र फसवे निघते. विषबाधितांच्या रक्ततपासणीतील एलमन यांची १९६१ ची पद्धतही हेच रसायन वापरते; तेथे रंग पिवळा येतो.

जिवंत माणसाच्या मेंदूचा काप घेता येत नाही. तेथे किरणोत्सारी कार्बन जोडलेले रेणू टोचून पेट स्कॅन करतात. अल्झायमरवरील डोनेपेझिल हे औषध याच विकराला रोखते, अर्थात मर्यादित प्रमाणात व परतवता येईल असे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेट अभ्यासात मेंदूच्या बाह्यकातील ही रोध सरासरी २७ टक्केच आढळली, म्हणजे अपेक्षेहून बरीच कमी.

पेट स्कॅनमध्ये एकेक चेतासंधी मात्र दिसत नाही. ती पातळी २००९ मध्ये यासुदा यांच्या गटाने वेगळ्या विकराबाबत गाठली. स्मृतीशी निगडित कॅमकेटू हे विकर सक्रिय झाले की प्रकाश बदलणारा संवेदक त्यांनी उंदराच्या मेंदूच्या जिवंत कापात वापरला. उद्दीपनानंतर काही सेकंदांत ते विकर सक्रिय झाले आणि सुमारे मिनिटभरात शांत झाले. चेतासंधीतील बदल मात्र त्यानंतरही टिकून राहिला.