इमारतीला मंजुरी मिळताना पाणी, गटार आणि विजेच्या अटी काय असतात?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या आजूबाजूची शेती झपाट्याने इमारतींखाली जात आहे. जमीन देणारा शेतकरी मोबदला बघतो, फ्लॅट घेणारा हप्ता बघतो. पण त्या इमारतीत माणसं कायदेशीरपणे राहायला जातील का, हे पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार यावरही ठरतं.

नियम कोणता?
महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार महापालिका बांधकाम परवानगी देते. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून राज्यभर एकच एकत्रित विकास नियमावली लागू आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही महापालिका तिच्यात येतात.

टप्पे
आधी बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेत सीसी. मग जोत्याची तपासणी. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. नकाशात पाण्याच्या टाक्या, ड्रेनेजची लाइन, पावसाळी गटार हे सगळं दाखवावं लागतं. ओसी घेताना पाणी, मलनिःसारण, अग्निशमन अशा विभागांचे दाखले लागतात. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाचं पाणी जिरवण्याची सोयही करावी लागते.

हिशेब कसा मांडतात?
शहरी भागात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. १०० फ्लॅटच्या इमारतीत घरटी पाच माणसं धरली, तर रोज ६७,५०० लिटर पाणी लागेल आणि ५४,००० लिटर सांडपाणी निघेल. एवढं पाणी सामावून घेणारी गटारवाहिनी जवळ आहे का, हा पहिला प्रश्न.

भुयारी गटार नसेल तर?
मग सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, किंवा इमारतीचा स्वतःचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून नियमात ठरवून दिलेल्या अंतरावर असावा लागतो. गावठाणालगतच्या विहिरी आणि बोअरवेलसाठी ही अट फार महत्त्वाची आहे. सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात सोडून चालत नाही. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी वेगळी घ्यावी लागते.

वीज
बहुतेक भागात महावितरण, तर मुंब्रा-शीळ-कळवा पट्ट्यात २०२० पासून टोरंट ही फ्रँचायझी वीज पुरवते. मोठ्या प्रकल्पात ट्रान्सफॉर्मरसाठी जागा आधीच ठेवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सांगितलं, की वीज, पाणी, गटार यांच्या जोडण्या पूर्णत्वाचं किंवा भोगवटा प्रमाणपत्र दाखवल्यावरच द्याव्यात.

न्यायालयाने हात घातला तेव्हा
कल्याण-डोंबिवलीत कचऱ्याची विल्हेवाट नीट लागत नाही म्हणून एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकाम परवानग्यांवर बंदी घातली. ती सुमारे वर्षभराने अटींसह उठली. मे २०१७ मध्ये ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात पाणीटंचाईमुळे नव्या बांधकामांना याच न्यायालयाने लगाम घातला. पाणी, कचरा, गटार यांची सोय नसेल तर परवानगीही थांबू शकते, हे दोन्ही वेळा दिसलं.

दुसरा धडा कागदांचा. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. शेकडो कुटुंबांचं घर टांगणीला लागलं. नुसता महारेरा नंबर पुरत नाही, तो इथे कळला.

२७ गावं आणि खालची शेतं
२७ गावं २००२ मध्ये महापालिकेतून बाहेर पडली आणि जून २०१५ मध्ये परत आली. तिथलं पाणी मुख्यतः एमआयडीसीचं. मधल्या काळात इमारती वाढल्या, गटारं मागे राहिली. महापालिका हद्दीत नव्या इमारतीसाठी ग्रामपंचायतीचा जुना दाखला पुरेसा नाही.

गटार नसलेल्या इमारतीचं पाणी नाल्याने वाहत शेवटी कुणाच्या तरी बांधावर किंवा नदीत जातं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा वाद हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कल्याण-डोंबिवलीला पिण्याचं पाणीही उल्हास नदीतूनच येतं.

काय तपासावं?
घर घेणाऱ्याने सीसी आणि ओसीचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळावा. इमारतीला नळजोडणी आहे की टँकर, ड्रेनेज कुठल्या लाइनला जोडलंय, सेप्टिक टँक असेल तर तो उपसण्याचा खर्च कुणाचा, हे लेखी विचारावं. जमीन देणाऱ्या शेतकऱ्याने करारनाम्यातच लिहून घ्यावं, की ड्रेनेजची लाइन कोण टाकणार, ती कुठून जाणार आणि उरलेल्या शेतात सांडपाणी आलं तर जबाबदार कोण. एकदा सह्या झाल्या आणि पाया खणला गेला, की हे बोलायला फार उशीर झालेला असतो.