कृषी खात्याचा वकील नेमका कोणाचा?

बियाणे उगवले नाही, विहिरीचे अनुदान अडले, तक्रारीचे उत्तर आले नाही, की नांदेड-लातूरचा शेतकरी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या दारात जातो. त्या कार्यालयाच्या मागे आणखी एक माणूस बसलेला असतो, तो सहसा कुणाला दिसत नाही. त्याला विधी अधिकारी किंवा विधी सल्लागार म्हणतात. कायदा शिकणारी आपल्या समाजातली बरीच मुले-मुली आता या नोकरीकडे पाहू लागली आहेत. म्हणून हे काम काय आहे आणि आपल्या शेतकऱ्याचा त्याच्याशी कुठे संबंध येतो, हे आम्ही इथे मांडत आहोत.

लातूर विभागीय कृषी सहसंचालकांच्या कक्षेत लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी आणि हिंगोली हे पाच जिल्हे येतात. याशिवाय परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे आणि १९७६ साली स्थापन झालेले, अकोल्यात मुख्यालय असलेले महाबीज आहे. या प्रत्येक ठिकाणी कोर्टकचेरीची कामे असतात. सरकारवर दिवाणी दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती आली की तिचे उत्तर तयार करणे, रिट याचिका दाखल झाली तर परिच्छेदनिहाय अभिप्राय लिहिणे, शपथपत्राचा मसुदा करून छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठातील सरकारी वकिलांकडे वेळेत पोचवणे, हा रोजचा व्याप. कोर्टात उभा राहतो तो सरकारी वकील. फाईल बनते ती मात्र आत. आणि फाईल जशी बनते तसाच खटला चालतो.

बियाण्याचेच पाहा. बियाणे कायदा १९६६ चा. निरीक्षकाने नमुना घेताना लेखी सूचना द्यायची, तीन नमुने काढायचे, एक विक्रेत्याला, दुसरा प्रयोगशाळेला, तिसरा कोर्टासाठी राखून. परभणीला सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळा आहे. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी. नमुना घेण्यात किंवा सील लावण्यात कसूर राहिली की आरोपीच्या वकिलाचे काम सोपे होते. हे निरीक्षकाला आधीच बजावून सांगणे विधी अधिकाऱ्याच्या हातात असते. एवढे सगळे करून पहिल्या गुन्ह्याला शिक्षा किती? मूळ कायद्यात ५०० रुपयांपर्यंत दंड. एका सोयाबीनच्या पिशवीचीही किंमत त्यात निघत नाही.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन मोठ्या प्रमाणावर उगवले नाही. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस पडला होता, भिजलेल्या मालाची उगवणशक्ती गेली होती. तक्रारी खासगी कंपन्यांविरुद्ध होत्या, तशा महाबीजच्या बियाण्याबद्दलही होत्या. औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. अशा वेळी सरकारी संस्थेतल्या वकिलापुढे खरा पेच उभा राहतो. एकीकडे विक्रेत्यावर कारवाई करणारे सरकार, दुसरीकडे स्वतःच विक्रेता असलेले सरकार.

हा पेच नवा नाही. राष्ट्रीय बीज निगम ही केंद्र सरकारची कंपनी. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी सदोष बियाण्याबद्दल ग्राहक मंचात भरपाई मिळवली, तेव्हा निगम सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. शेतकरी व्यापारी हेतूने बियाणे घेतो म्हणून तो ग्राहकच नाही, बियाण्याला स्वतंत्र कायदा आहे, शेतकऱ्याने नमुना तपासून घेतलेला नाही, असे मुद्दे मांडले गेले. जानेवारी २०१२ मध्ये मधुसूदन रेड्डी खटल्यात न्यायालयाने ते सगळे फेटाळले. पेरणी करणारा शेतकरी तपासणीसाठी बियाणे बाजूला राखून ठेवेल अशी अपेक्षाच करता येत नाही, हे त्यातले आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्याने कधी तिफण धरली आहे त्याला हे सांगायला न्यायालय लागत नाही, पण कागदावर आले ते बरे झाले. आत बसलेल्या वकिलाने पहिल्याच टप्प्यावर "भरपाई देऊन टाका" असा अभिप्राय लिहिला असता तर किती वर्षे वाचली असती! तसा अभिप्राय लिहायला मात्र पाठीचा कणा लागतो, आणि यातली बरीच पदे कंत्राटी असतात.

नांदेडच्या नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालयातून किंवा लातूरच्या दयानंद विधी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद स्थगित करावी लागते. पुढे न्यायाधीश किंवा सरकारी वकील व्हायचे असेल तर वकिलीच्या वर्षांचा हिशोब त्यामुळे बदलतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये असेही स्पष्ट केले की नोकरीतल्या अशा वकिलाला पक्षकाराशी झालेल्या बोलण्याच्या गोपनीयतेचे ते संरक्षण नाही, जे कोर्टात वकिली करणाऱ्याला असते. कंत्राटी, मानधनावरची नेमणूक असेल तर करारातली अट वाचूनच सही करावी.

आता शेतकऱ्याची बाजू. आपल्याकडे अनेकजण बटईने शेत कसतात. सातबारा मालकाच्या नावावर, कृषी केंद्राची पावतीही बहुधा त्याच्याच नावावर. तक्रार केली की पहिला आक्षेप हाच येतो. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये, खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक धरला आहे. मालकाकडून तेवढे लेखी घेऊन ठेवावे. उधारीवर बियाणे घेताना दुकानदार पावतीची टाळाटाळ करतो, तिथे हट्ट धरावा. पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि मूठभर बियाणे जपावे. उगवण झाली नाही तर रान मोडण्याआधी पंचायत समितीत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तालुका समिती शेतात येऊन पंचनामा करते. त्यात "पाऊस कमी, पेरणी खोल" एवढेच लिहून समिती परतणार असेल, तर आपले म्हणणे त्याच कागदावर नोंदवायला सांगावे. पुढे कंपनीचा असो की महामंडळाचा, वकील पहिल्यांदा तोच कागद काढतो.

जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धही त्यात येतात. अर्ज नांदेड आणि लातूर दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यायचा, सोबत जातीचा दाखला जोडायचा.