एकास बारा

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच पडलेले आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदकडची जमीन काळी आणि खोल. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा ठिकाणी घर बांधायचे तर जोते उंच घ्यावे लागते. पाणी आत येत नाही आणि विंचूकाटाही बाहेर राहतो. घाटावरही सवय तीच आहे. लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळ जोत्यावरच उभे आहे. पुढे शाळा, दवाखाने, तहसील कचेऱ्या बांधल्या गेल्या, त्याही जोत्यावर. तीन-चार पायऱ्या, व्हरांडा, मग उंबरठा.

जोत्याने पाण्याला अडवले. त्याबरोबर आणखी कोणाला अडवले, याचा हिशेब बराच काळ कोणी मांडला नव्हता. तो आकड्यांत कसा मांडला गेला आणि आपल्या शाळेपर्यंत येताना त्यातले आकडे कुठे गळले, ते आपण पाहू. त्यासाठी आधी जरा लांब जावे लागेल.

अमेरिकेत १९३३ मध्ये हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी घडी घालता येणारी चाकाची खुर्ची बनवली. एव्हरेस्ट हे खाणकामाचे अभियंते होते आणि अपघातानंतर त्यांना स्वतःलाच चालता येत नव्हते. खुर्ची मोटारीत ठेवता येऊ लागली, माणूस गावभर हिंडू शकेल अशी सोय झाली. पण गावभर पायऱ्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जखमी सैनिक शिकायला परत आले, तेव्हा हा प्रश्न विद्यापीठांच्या दारात उभा राहिला. इलिनॉय विद्यापीठाने १९४८ मध्ये गेल्सबर्ग येथे, एका जुन्या लष्करी रुग्णालयाच्या आवारात, अशा विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. टिमोथी न्यूजेंट त्याचे प्रमुख होते. वर्षभरातच ते केंद्र बंद करायचे ठरले. विद्यार्थी गप्प बसले नाहीत, त्यांनी निदर्शने केली, आणि अखेर अर्बाना येथील मुख्य आवारात हा उपक्रम हलवण्यात आला.

तिथे उतार हवे होते. पण केवढे? न्यूजेंट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामातून जी मापे पुढे आली, त्यांच्या आधारे १९६१ मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय प्रमाणक प्रसिद्ध झाले. अवघी काही पानांची पुस्तिका ती. उतार एकास बारापेक्षा चढा नसावा, म्हणजे एक फूट उंची चढायला निदान बारा फूट लांबी हवी. दाराची मोकळी रुंदी ३२ इंच. इमारतीच्या सोयीविषयी सद्भावना पूर्वीही असतील, पण आता तपासता येईल असे काही हाती आले.

हा बाराचा आकडा नववी-दहावीच्या वर्गात सहज उलगडता येतो. उतरणीवरून वस्तू वर न्यायला लागणारे बल म्हणजे वजन गुणिले उतारकोनाची ज्या. माणूस आणि खुर्ची मिळून ७२ किलो धरू. एकास बारा उतारावर, घर्षण सोडल्यास, साधारण ६ किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. एकास सहावर तो सुमारे १२ किलो होतो, एकास चारवर साडेसतरा. शिवाय उतार जितका चढा, तितकी खुर्ची मागे कलंडण्याची भीती जास्त. दोन्ही हातांनी चाके फिरवत स्वतःला वर नेणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ६ आणि साडेसतरा यांतला फरक हा एकट्याने शाळेत जाणे आणि कोणाची तरी वाट पाहत थांबणे यांतला फरक आहे.

आता आपल्या शाळेच्या जोत्याची उंची ६० सेंमी धरा, म्हणजे १५ सेंमीच्या चार पायऱ्या. एकास बाराप्रमाणे उतार ७ मीटर २० सेंमी लांब होतो, जवळजवळ २४ फूट. एवढी जागा पायऱ्यांच्या शेजारी नसते. मग आठ फुटांत काम उरकले जाते. आठ फुटांत ६० सेंमी म्हणजे एकास चार! असे उतार आम्ही जागोजागी पाहिले आहेत. त्यांवरून मोटारसायकल झोकात व्हरांड्यात चढते.

भारतात मापे नव्हती असे नाही. भारतीय मानक संस्थेची अपंगांसाठीच्या इमारतींबाबतची शिफारस आयएस ४९६३ या क्रमांकाने १९८७ मध्ये सुधारून निघाली. पण ती शिफारसच होती. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला आणि सार्वजनिक इमारतींत उतार करण्याची गोष्ट प्रथमच कायद्यात आली. तिच्यापुढे शब्द होते: आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ज्याने पळवाट शोधायची त्याला एवढे पुरेसे होते.

जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या परिषदेनंतर ते दिल्लीला गेले, आणि कुतुबमिनार, हुमायूनची कबर अशा वास्तू त्यांना पाहता याव्यात म्हणून पुरातत्त्व खात्याने तात्पुरते लाकडी उतार उभारले. यामागे जावेद आबिदी या कार्यकर्त्याचा आग्रह होता. जुन्या दगडाला धक्का न लावता सोय करता येते, हे त्यातून दिसले. लोणारचे देऊळ किंवा सिंदखेड राजाचा लखुजी जाधवांचा वाडा दाखवायला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खेड्यातल्या शाळेपर्यंत उतार पोचला तो मात्र बराचसा मतदानामुळे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्वोच्च न्यायालयाने मतदान केंद्रांवर लाकडी उतार करण्याचे आदेश दिले, आणि आपल्याकडे मतदान केंद्र म्हणजे बहुधा शाळाच. मतदार पाच वर्षांतून एकदोनदा येतो, मूल रोज येते. तरी आधी आठवण मतदाराची झाली. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेची इमारत अडथळाविरहित असावी, असे आले. शाळांच्या माहितीच्या वार्षिक तक्त्यात उताराचा रकाना असतो: आहे की नाही. कठडा आहे की नाही.

आमचे म्हणणे या रकान्याविषयी आहे. एकास चारचा उतारही ‘आहे’ आणि एकास बाराचाही ‘आहे’. तपासणी म्हणजे मोजणी. हा तक्ता भरताना टेप काढावाच लागत नाही. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानात मोजमापासह इमारती तपासण्याची कल्पना होती, पण पहिला भर निवडक ५० शहरांतल्या सरकारी इमारतींवर होता. २०१६ च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली. नियम जून २०१७ चे. ती मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने या नियमांतला पंधरावा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र मार्गदर्शक सूचनांवर भागवतो, असा त्याचा आशय होता. किमान सक्तीच्या अटी तीन महिन्यांत वेगळ्या काढा, असे सरकारला सांगण्यात आले. याचिका २००५ ची होती. ती दाखल झाली त्या वर्षी पहिलीत गेलेले मूल निकालापर्यंत पंचविशीला आले.

पोलिओ गेला, आता एवढी गरज काय, असेही कोणी म्हणते. २०११ नंतर देशात जंगली पोलिओचा रुग्ण आढळलेला नाही, हे खरे. पण मेंदूचा पक्षाघात झालेली मुले आहेत, अपघात आहेत, म्हातारपण तर कोणालाच चुकत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. दुसरीतल्या मुलाला आई कडेवर घेऊन व्हरांडा चढते. तेच मूल आठवीत गेले की तिला ते उचलवत नाही, आणि हजेरीपटातले नाव हळूहळू गळते. गळतीच्या कारणांत ‘जोते’ असे कोणी लिहीत नाही.

मोजायला महागडे उपकरण लागत नाही. १२० सेंमी लांबीची सरळ पट्टी घ्या. तिचे एक टोक उतारावर वरच्या बाजूला टेकवा, गवंड्याच्या पाणसळीने पट्टी आडवी समपातळीत आणा, आणि खालच्या टोकाखालचे अंतर मोजा. ते १० सेंमीपर्यंत असेल तर उतार एकास बाराच्या आत. १५ भरले तर एकास आठ, ३० भरले तर एकास चार. मग दाराची मोकळी रुंदी मोजा. आजची भारतीय मार्गदर्शिका ९० सेंमी सांगते. खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते, ते खडूने शौचालयाच्या फरशीवर काढून पाहा. उताराचा पायथा चिखलात संपतो का, ते पावसाळ्यातच कळेल. आणि उताराच्या माथ्यावर, वर्गाच्या दाराशी, उंबरठा असेल तर त्याचीही उंची टिपून ठेवा.